कार्बन सीमाकर

कार्बन सीमाकर : आयात माल तयार होताना बाहेर पडलेल्या हरितगृह वायूंवर आयात करणाऱ्या प्रदेशाने बसवलेला आकार. युरोपीय संघाची ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ हे त्याचे प्रमुख उदाहरण असून उद्योगक्षेत्रात ती ‘सीबॅम’ या नावाने ओळखली जाते.

उद्देश : युरोपात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना उत्सर्जनासाठी परवाने लागतात. हा खर्च टाळण्यासाठी उत्पादन अन्य देशांत गेले, तर जगाचे एकूण उत्सर्जन घटत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी सीमाकर आला.

कार्यपद्धती : ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात केवळ उत्सर्जनाची माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक दायित्व सुरू झाले. लोह-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन व वीज यांना ते लागू आहे. युरोपातील आयातदाराने प्रमाणपत्रे विकत घ्यायची असून त्यांची किंमत तेथील परवान्यांच्या लिलावदराशी जोडलेली आहे. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असल्यास तेवढी वजावट मिळते.

अहिल्यानगर जिल्हा : येथील साखर व कांदा या कक्षेत येत नाहीत. नागापूर व सुपा (ता. पारनेर) येथील औद्योगिक वसाहतींत अभियांत्रिकी उद्योग आहेत. त्या क्षेत्रातील पोलादी नट-बोल्ट यंत्रणेच्या यादीत आहेत. विद्युत मोटारी व वाहनांचे बहुतेक सुटे भाग २०२६ च्या आरंभी नव्हते. बोल्ट बनवणाऱ्याच्या वर्कशॉपपेक्षा विकत घेतलेल्या पोलादाच्या निर्मितीत उत्सर्जन अधिक असते, आणि तेही हिशेबात धरले जाते. कोळशावरच्या झोतभट्टीतील पोलादाचा भार मोठा, भंगार वितळवून केलेल्याचा बराच कमी. म्हणून लघुउद्योजकाने पोलाद कारखान्याकडून उत्सर्जनाचा पडताळलेला आकडा मिळवणे महत्त्वाचे ठरते. तो नसल्यास ठरावीक, सहसा चढे मूल्य लागू होते.

न्याय्यतेचा प्रश्न : हवामानबदलाची जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात मान्य झाले. सीमाकर त्याला बाध आणतो, असा भारताचा आक्षेप आहे. तो रास्त आहे. युरोपच्या धुराड्यांतून दीड-दोन शतके निघालेल्या धुराचा हिशेब या करात येत नाही. भारताने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यातून भरलेली किंमत वजावटीस पात्र ठरली, तर तो पैसा देशातच राहील आणि भट्ट्या सुधारण्यासाठी वापरता येईल.