बोलणं शिकवावं लागतं

वक्ता जन्माला यावा लागतो, असं पुस्तकवाले सांगतात. ज्यांच्या घरात सात पिढ्या पोथी वाचली गेली त्यांनी खुशाल म्हणावं. आमच्या आज्या-पणज्यानं सात पिढ्या फक्त 'जोहार मायबाप' म्हटलं. त्याच्या नातवाच्या तोंडातनं भाषण आपोआप कुठनं फुटणार? ते शिकवावं लागलं. कुणी शिकवलं, कसं शिकवलं, ते शाळेच्या पुस्तकात मिळत नाही. म्हणून इथं मांडतो.

पहिला उस्ताद म्हणजे जलसा. 1873 मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, पुढं त्याचे जलसे निघाले. साचा तमाशाचाच: गण, गौळण, बतावणी, वग. आतला माल बदलला. हाच साचा 1930 नंतरच्या काळात आंबेडकरी जलसेवाल्यांनी हातात घेतला. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवलंय.

जलसा म्हणजे नुसती करमणूक, असं समजणाऱ्याला त्यातली तालीम दिसत नाही. बतावणीत एक जण अडाणी बनतो आणि आडवे सवाल टाकतो. पोरगं शिकून काय साहेब होणार हाय का? मेलेलं ढोर वढायचं सोडलं तर खायचं काय? हे सवाल समोर बसलेल्यांच्याच पोटातले. दुसरा गडी एकेक सवाल सोडवतो, हसवत हसवत. ज्यानं रात्री ऐकलं त्याच्याकडं सकाळी पाणवठ्यावर, चाळीत, गिरणीच्या खात्यात उत्तर तयार. वादविवाद शिकवायची याहून स्वस्त शाळा मला तरी माहीत नाही.

दुसरी शाळा परिषदेची. 20 जुलै 1942, नागपूर. दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, राबणाऱ्या बायांच्या कामाच्या अटी, असे ठराव झाले. आता ठराव म्हणजे काय ते बघा. उभं राहायचं. मागणी एका वाक्यात सांगायची. कारण द्यायचं. खाली बसायचं. फाफटपसाऱ्याला जागाच नाही. ज्या बाईला चारचौघांत तोंड वर करायची बंदी, तिला या चार पायऱ्यांनी उभं केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. चळवळीतल्या अशा बाया त्यात स्वतः बोलतात. मिळवून वाचा.

तिसरी शाळा बाबासाहेबांची. नेता व्हायच्या आधी ते मास्तर होते, 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात. आयुष्याच्या शेवटी पुन्हा मास्तरकीच आठवली. जुलै 1956 मध्ये मुंबईत त्यांनी राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी. लाखोंच्या सभा गाजवणाऱ्या माणसाला या 15 जणांची गरज वाटली, कारण आपल्यामागं कायदेमंडळात उभं राहून मुद्देसूद बोलणारे किती, हा हिशोब त्यांनी मांडला असणार. 6 डिसेंबरला ते गेले. मार्च 1957 मध्ये शाळा बंद.

दोस्तांनो, ती शाळा बंद पडली, पुतळे मात्र उभे राहिले. 14 एप्रिलला आपण बाहेरचा वक्ता आणतो, टाळ्या वाजवतो, घरी येतो. मी सूतगिरणीत कामाला. मागं आमच्या खात्यातला एक गडी चौकशीला उभा केला. चूक त्याची नव्हती. पण साहेबानं विचारलं तसं त्याचं तोंडच मिटलं. चार दिवसांचा पगार गेला. मी दाराबाहेर होतो, आत सोडलं नाही.

तेव्हापासून वस्तीतल्या विहारात रविवारी सात-आठ जण बसतो. एक साहेब होतो, आडवं विचारतो. दुसरा उत्तर देतो. मागणी एका वाक्यात, मग कारण, मग गप. चुकला तर हसायचं नाही, पुन्हा उभं करायचं. यात माझं डोकं काही नाही. ही बतावणी आहे आणि हा ठराव आहे.

तो गडीही येतो. परवा तो साहेब झाला होता.