साहेबाची शिवी, काकांचं इंग्रजी

आमच्या तोंडून ‘च्यायला’ निघालं की आई चूळ भरून यायला लावायची. मात्र शेजारचे काका, एका कचेरीतले हेडक्लार्क, छत्री विसरून निघाले तरी जिन्यातून स्वतःलाच ‘ब्लडी फूल!’ म्हणत परत यायचे, तेव्हा तीच आई म्हणायची, ‘इंग्रजी कसं तोंडात बसलंय बघ.’ ही शिवी आहे, असं चाळीत कुणाच्या मनातही आलं नाही.

तिकडे इंग्लंडात १८८७ साली ऑक्सफर्ड कोशाच्या एका भागात ‘ब्लडी’ हा शब्द छापला गेला, तो नाक मुठीत धरून. अगदी खालच्या थरातल्या लोकांच्या तोंडी सतत असणारा, सभ्य माणसांना किळसवाणा वाटणारा, वर्तमानपत्रं ज्याचं पहिलं नि शेवटचं अक्षर छापून मध्ये रेघ ओढतात असा शब्द, असं त्याचं वर्णन होतं.

आता यात इतकं वाईट काय? ब्लड म्हणजे रक्त. ‘बाय अवर लेडी’ ही मेरीमातेची शपथ झिजून ‘ब्लडी’ झाली, ही व्युत्पत्ती फार लाडकी आहे. मला ती पटत नाही. शपथ वाक्याच्या तोंडाशी येते, हा गडी विशेषणाच्या पाठीवर बसतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस दंगामस्ती करणाऱ्या खानदानी पोरांना ‘ब्लड’ म्हणत. त्यांच्यासारखा झिंगलेला तो ‘ब्लडी ड्रंक’, हा तर्क बरा वाटतो. पण त्याहूनही साधी वाट आपल्या मराठीत दिसते. आपण ‘भयंकर गोड पोरगी’ म्हणतो, तेव्हा त्यात भय कुठं असतं? रक्ताचंही तसंच झालं असावं. १७११ साली जोनाथन स्विफ्टनं, म्हणजे एका धर्मगुरूनं, बायकांना लिहिलेल्या पत्रात उकाड्याची तक्रार करताना हा शब्द बिनदिक्कत वापरलाय. शब्द बाटला तो त्यानंतर. त्याचा अर्थ तोच राहिला, बोलणारी तोंडं तेवढी बदलली.

त्या तोंडांचाच खेळ बर्नार्ड शॉनं मांडला. ११ एप्रिल १९१४, लंडनचं हिज मॅजेस्टीज थिएटर, नाटक ‘पिग्मॅलियन’. फुलं विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसरनं उच्चार घोटून घोटून शिकवलेत आणि आता तिची परीक्षा आहे: त्याच्या आईच्या दिवाणखान्यात चहापाणी. एलायझाचं काम करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या. निघताना एक तरुण विचारतो, बागेतून पायी जाणार का? ती अस्सल खानदानी उच्चारांत सांगते की छे, मी टॅक्सीनं जाणार. आणि त्या ‘छे’मध्ये हा शब्द बसवते. थिएटरात जो हशा उसळला, तो मिनिटभराहून जास्त टिकला म्हणतात. पुढं लोक गमतीनं ‘ब्लडी’च्या जागी ‘पिग्मॅलियन’ हाच शब्द वापरू लागले.

शॉची खरी खोडी मात्र त्यापुढची आहे. तिथं बसलेल्या क्लारा नावाच्या मुलीला वाटतं, ही उच्चभ्रूंची नवी फॅशनच असणार. जाता जाता तीही तो शब्द ऐटीत फेकून जाते.

सोवळ्यात राहून शिवी देण्याच्या युक्त्या इंग्रजांकडेही होत्याच. ब्लडीऐवजी ‘ब्लूमिंग’, नाहीतर ‘रडी’. आपल्याकडे मुंबईची पोरं ‘भेंडी’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण तिथं तेवढ्यानंही भागेना. १८८७ च्याच जानेवारीत गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘रडीगोर’ या संगीतिकेच्या नावावरून कुरकुर झाली, आणि काही दिवसांत नावातलं एक अक्षर बदलावं लागलं. ऑस्ट्रेलियात उलटा कारभार. सिडनीच्या ‘बुलेटिन’नं १८९४ मध्ये हे ऑस्ट्रेलियाचं विशेषण असल्याचं जाहीर केलं. तिथले लोक तर एखादा शब्द मधोमध चिरून त्यातही हे भरतात, भरल्या वांग्यात मसाला भरावा तसं. २००६ साली त्यांनी पर्यटनाच्या जाहिरातीतच तो घातला, तेव्हा ब्रिटनच्या टीव्हीवर ती जाहिरात काही काळ अडकली.

पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं. भक्ती बर्वेंची मंजुळा अजून लोकांच्या कानात आहे. पण हा एक शब्द इकडे आणायचा म्हटलं तर पंचाईत बघा. लंडनच्या फुलवालीनं ‘ब्लडी’ म्हटलं की तिचा फूटपाथ उघडा पडतो. आमच्या फुलवालीनं तेच म्हटलं असतं, तर बघणारे म्हणाले असते, बाई मॅट्रिक दिसतेय! आपल्याकडे हा शब्द आला तो साहेबाच्या तोंडून, त्यामुळे तो खालच्या थराचा कधी झालाच नाही. शिकल्याची खूण म्हणून तो हेडक्लार्कापर्यंत झिरपला.

थोडक्यात, काकांची क्लारा झाली होती. काकांनी आयुष्यात एकदाही ‘च्यायला’ म्हटलं नाही. मुलांदेखत असलं बोलू नये, असं ते आम्हाला बजावायचे. आणि कुणी ऐकलं नाही तर म्हणायचे, ‘ब्लडी नॉन्सेन्स!’