अर्धशिशी : निदान दोन हजार वर्षांचे, उपचार शंभर वर्षांचा

रायपूरची पुरानी बस्ती ही महामाया मंदिराची आणि दूधाधारी मठाची वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी आणि हिंदी शेजारी नांदत आल्या आहेत. येथे एकाच दुखण्याला हिंदीभाषक घरात ‘आधासीसी’ म्हणतात आणि मराठी घरात ‘अर्धशिशी’. संस्कृत वैद्यकात त्याचे नाव ‘अर्धावभेदक’, अरबी वैद्यकात ‘शकीका’, म्हणजे दुभंगलेला भाग. ग्रीक वैद्य गॅलेन याने त्यास ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, म्हटले आणि त्याच शब्दाचा अपभ्रंश होत ‘मायग्रेन’ हा शब्द तयार झाला. इतक्या भाषांनी एकाच लक्षणावर बोट ठेवावे, यावरून रोग किती जुना आहे आणि निरीक्षण किती अचूक होते, हे दोन्ही कळते.

भारतीय ग्रंथांतील वर्णन आजही लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे, तसाच सूर्याबरोबर चढणारा व माध्यान्हानंतर ओसरणारा सूर्यावर्तही आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अर्धावभेदकाविषयी एक महत्त्वाची नोंद येते : हे दुखणे पंधरवड्याने किंवा महिन्याने उसळते आणि आपोआप शमते. आजच्या न्यूरॉलॉजीतही मायग्रेनची ओळख अशीच पटते. ते झटक्यांनी येते आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगी बहुधा ठणठणीत असतो. चरकसंहितेतील कारणांच्या यादीत रूक्ष आहार, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, पूर्वेचा वारा, दव, वेगधारण आणि अतिश्रम आहेत. आजच्या परिभाषेत यांतील बऱ्याच गोष्टींना ‘ट्रिगर’ म्हटले जाईल.

मात्र अचूक वर्णन म्हणजे अचूक उपाय नव्हे. संहितांत स्नेहपान, नस्य, स्वेदन आणि प्रसंगी डागणेही सांगितले आहे. मध्ययुगीन अंदलूसियातील शल्यवैद्य अल-झहरावी यानेही तापल्या लोखंडाचा डाग सुचवला, आणि कानशिलाच्या त्वचेखाली लसणाची पाकळी ठेवण्याची कृती लिहून ठेवली. येथे एक सापळा आहे. जो रोग स्वतःहून शमतो, त्यावर केलेला कोणताही उपाय गुणकारी वाटतो. वाग्भटाची ती नोंद म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर आपोआप आलेला आराम आणि औषधाने आलेला आराम यांत भेद करता येत नाही.

कारणाचा शोध पुढे सरकला तो वेदनेच्या वाटेने नव्हे, दृष्टीच्या वाटेने. काही रोग्यांना डोके दुखण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे नजरेसमोर नागमोडी, चमचमती कड दिसते. ती हळूहळू पसरते आणि मागे अंध पट्टा सोडत जाते. यास ‘ऑरा’ म्हणतात. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८६५ मध्ये स्वतःच्या अशा अनुभवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे पुत्र ह्यूबर्ट एअरी यांनी १८७० मध्ये त्याची सविस्तर चित्रे काढली. १९४१ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या ऑराचे आकार कागदावर उतरवले. दृष्टिक्षेत्रातील अंतर मेंदूच्या दृष्टिपटलावरील अंतरात बदलून त्यांनी गणित मांडले. त्यांचे उत्तर होते : मेंदूच्या पृष्ठावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. उपकरण म्हणावे तर हाताशी पेन्सिल आणि घड्याळ, एवढेच!

तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, ब्राझीलचे अरिस्टिडीस लेआओ यांना सशाच्या मेंदूत एक विलक्षण घटना आढळली. विद्युत्क्रिया क्षणभर उसळते, मग मावळते आणि हा मावळता पट्टा तितक्याच संथपणे पुढे सरकतो. दोन्ही वेगांतील साम्य लक्षात यायला आणखी काही वर्षे लागली. अखेर २००१ मध्ये ऑरा सुरू असतानाच रोग्याच्या मेंदूचे एमआरआय चित्रण झाले. त्यात मोजलेला वेग मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर निघाला. साठ वर्षांपूर्वीची आकडेमोड जवळजवळ तंतोतंत उतरली होती.

औषधांचा इतिहास मात्र असा सरळ नाही. राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीपासून आर्थर श्टोल यांनी १९१८ मध्ये अर्गोटामीन वेगळे केले आणि ते अर्धशिशीवर चालते असे दिसले. १९३८ मध्ये ग्रॅहम व वुल्फ यांनी दाखवले की या औषधाने कानशिलाच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि वेदनाही उतरते. त्यावरून रक्तवाहिन्या फुगल्याने डोके दुखते, हा सिद्धान्त रूढ झाला व अनेक दशके टिकला. याच विचाराच्या प्रभावात पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमाट्रिप्टान घडवले. १९९१ पासून ते बाजारात आले आणि लाखो लोकांना प्रथमच खात्रीचा आराम मिळाला. पुढे २०१३ च्या एका डॅनिश अभ्यासात झटका चालू असताना कवटीबाहेरील धमन्या फुगलेल्या आढळल्या नाहीत. औषध खरे ठरले, पण त्यामागचा तर्क अपुरा ठरला.

खरा धागा मज्जातंतूंकडे जात होता. चेहरा व मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल तंतूंतून ‘सीजीआरपी’ नावाचे पेप्टाइड स्रवते. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांना झटक्याच्या वेळी रुग्णांच्या मानेतील शिरेच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्या पेप्टाइडच्या ग्राहकाला अडवणारे पहिले प्रतिपिंड-औषध, एरेनुमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मायग्रेन टाळण्यासाठीच मुद्दाम घडवलेल्या औषधांची नवी पिढी त्यापासून सुरू झाली. तोवरची प्रतिबंधक औषधे बहुतेक उसनीच होती. प्रोप्रानोलॉल हे तर हृदयविकाराचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशी थांबल्याची नोंद १९६६ मध्ये योगायोगानेच झाली. गोड्सबी, एडविन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना या वाटचालीसाठी २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले.

भारतीय पान या इतिहासात छोटे आहे, पण मोलाचे आहे. मुंबईतील डोकेदुखी-तज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफॅलाल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे मांडली. डोक्यावरून न्हाल्यावर त्यांची अर्धशिशी उठत असे. पाश्चात्त्य ग्रंथांतील ट्रिगरांच्या याद्यांत हे कारण सहसा नसे. इकडे कित्येक घरांतील स्त्रिया ते वर्षानुवर्षे सांगत होत्या, आणि ‘काहीतरीच’ म्हणून ते सोडून दिले जात होते. डॉक्टरने ते लिहून घेतले, तेव्हा ती तक्रार पुरावा झाली. कर्नाटकातील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ चौघांत एक. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या आकडेवारीत अपंगत्वाच्या कारणांत मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर आहे, तर तरुण स्त्रियांत पहिल्या. तरीही ‘नुसते डोके दुखते’ हेच वाक्य कानी पडते.

या इतिहासातून उपचाराची दोन वेगळी अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग चालू झटका थांबवण्याचे. त्यात औषध लवकर आणि पुरेशा मात्रेत घेणे महत्त्वाचे, पण वारंवार घेणे घातक. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, किंवा १० वा अधिक दिवस ट्रिप्टान अथवा अर्गट घेतले, तर त्या औषधांपायीच नवी डोकेदुखी जडू शकते. दुसरे अंग प्रतिबंधाचे. महिन्यात अनेक दिवस वाया जात असतील, तर रोज घ्यायचे औषध डॉक्टर सुचवतात. गर्भधारणेची शक्यता असणाऱ्या स्त्रीला त्यांतील व्हॅल्प्रोएटसारखे औषध वर्ज्य मानले जाते, म्हणून निवड स्वतःहून करू नये. झोप, जेवण आणि पाणी यांच्या वेळा सांभाळणे व झटक्यांची रोजनिशी ठेवणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. अचानक उठलेली आयुष्यातील तीव्रतम डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातापायांतील दुर्बलता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे दिसले, तर मात्र अर्धशिशी समजून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

रायपूरमध्ये वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि एम्स २०१२ पासून. पुरानी बस्तीतून दोन्हीकडे त्याच दिवशी जाऊन येता येते. अडते ते घरातल्या पहिल्या संभाषणात. एखादी मुलगी परीक्षेच्या तोंडावर अंधाऱ्या खोलीत डोके धरून पडते, तेव्हा त्यास बहाणा म्हणायचे की रोग, हे तिथेच ठरते. त्या दिवसाची तारीख, दुखण्याचा काळ आणि घेतलेली गोळी कुणी वहीत टिपून ठेवली, तर पुढच्या डॉक्टरचे अर्धे काम तेथेच होते.