ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही, त्यांचे काय?

अमेरिकन मराठी मिशनचे नाव मराठी वाचकाला बहुधा 'ज्ञानोदय'मुळे माहीत असते. 1842 साली अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) सुरू झालेले हे नियतकालिक. याच मिशनचे काम पुढे आमच्या सोलापुरातही होते. पण या मिशनच्या एका माणसाला 1886 साली एका प्रश्नापायी आपल्याच लोकांसमोर जाब द्यावा लागला, हे फारसे सांगितले जात नाही. तो प्रसंग मला मुसलमान वाचकांपुढे मुद्दाम ठेवायचा आहे.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 मध्ये मुंबईत, एका मिशनरी घरात झाला. 1874 पासून ते अहमदनगरला होते. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारी संस्था उभी केली. शिकवण अशी होती की येशूवरील श्रद्धेशिवाय तारण नाही. मग बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येणारच: माझे आजोबा, पणजोबा यांनी तर हे नावही ऐकले नव्हते. ते कुठे गेले?

1886 मध्ये रजेवर अमेरिकेत गेलेल्या ह्यूम यांनी अँडोव्हर धर्मविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपुढे हा विषय काढला. ज्यांना जिवंतपणी संदेश मिळाला नाही त्यांना मृत्यूनंतर तो स्वीकारण्याची संधी मिळेल, असा एक विचार तेव्हा अँडोव्हरचे काही प्राध्यापक मांडत होते. असा विचार भारतातल्या कामात उपयोगी पडतो, असे ह्यूम यांचे म्हणणे होते. एवढ्यावरून गदारोळ झाला. मेल्यावरही संधी असेल तर आम्ही समुद्र ओलांडून मिशनरी पाठवायचे कशाला, असा विरोधकांचा सवाल. मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाने ह्यूम यांची परतीची परवानगी रोखून धरली. अखेर 1887 मध्ये ती मिळाली आणि ते पुन्हा नगरला आले.

हा प्रश्न त्याआधीही विचारला गेला होता. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे, ते फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानला गेले. 1552 च्या जानेवारीत कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, नरकात गेलेल्या पूर्वजांची सुटका नाही हे ऐकून जपानचे नवे ख्रिस्ती रडले, आणि त्यांना पाहून आपल्यालाही वाईट वाटले. पुढे 1964 मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने स्पष्ट केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना संदेश कळला नाही, पण जे सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. झेवियर यांच्या पत्रानंतर चारशे बारा वर्षांनी!

आता आपल्याकडे वळू. कुरआनात सूरह ताहामध्ये फिरऔन हाच प्रश्न हजरत मूसा (अलै.) यांना विचारतो: मग आधीच्या पिढ्यांचे काय? मूसा त्यांना जहन्नमी ठरवत नाहीत. त्यांचे ज्ञान माझ्या रबकडे आहे, अशा अर्थाचे उत्तर देतात. सूरह बनी इस्राईलची पंधरावी आयत सांगते की, प्रेषित पाठवल्याशिवाय अल्लाह शिक्षा करत नाही. दोन प्रेषितांमधल्या काळातल्या लोकांना आपले उलेमा 'अहले फतरा' म्हणतात. त्यांच्याबद्दल मतभेद आहेत. अशअरी विद्वान म्हणतात, संदेश नाही तर जबाबदारी नाही. आपण हनफी ज्या मातुरीदी परंपरेला जवळचे आहोत, तिच्यातल्या अनेकांच्या मते एक ईश्वर आहे एवढे तरी माणसाने अकलेने ओळखावे.

इमाम गझाली (1058-1111) यांनी इस्लाम न मानणाऱ्यांचे तीन गट केले. एक, ज्यांनी प्रेषितांचे (स.) नावच ऐकले नाही, ते माफ. दोन, ज्यांनी जवळून सारे पाहिले, ओळखले आणि तरी नाकारले, ते जबाबदार. तीन, ज्यांच्यापर्यंत नाव पोचले, पण खोट्या वर्णनासह पोचले. गझाली या तिसऱ्या गटालाही पहिल्या गटात बसवतात. आपल्या काळातले रूमचे बहुतेक ख्रिस्ती आणि दूरदेशीचे तुर्क अल्लाहच्या रहमतीत येतील, अशी आशा ते व्यक्त करतात.

हे वाचताना मला आपली आडनावे आठवतात. बागवान, तांबोळी, अत्तार, नदाफ. सगळी धंद्यावरून पडलेली, इथल्याच मातीतली. दख्खनेत इस्लाम पोचण्याआधी आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज इथेच राबत होते. ते कलमा न ऐकता गेले. जपानी माणसाचे अश्रू म्हणूनच आपल्याला परके वाटू नयेत. वर्गात एखादा मुलगा 'बाकीचे सगळे जहन्नमी ना, सर?' असे विचारतो, तेव्हा मी त्याला आधी स्वतःच्या दहा पिढ्या मागे जायला सांगतो. मुलगा गप्प होतो, मग विचार करू लागतो.

गझालींचा तिसरा गट मला सर्वांत जास्त छळतो. नवी पेठेच्या बाजारात आपण रोज ज्यांच्याशी व्यवहार करतो, त्या शेजाऱ्यांनी आपल्या दीनबद्दल काय ऐकले आहे? टीव्हीवरचा आरडाओरडा, मोबाइलवर फिरणारे निरोप, आणि आपल्यापैकी कुणी मापात मारलेली खोट. गझालींच्या हिशेबाने त्यांना सवलत आहे. ते खोटे वर्णन ज्यांच्या वागण्याने खरे वाटले, त्यांना सवलत असल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. दुसऱ्याच्या आखिरतचा निकाल अल्लाहकडे आहे. आपल्याकडे आहे तो तराजू, आपली जबान आणि शेजारी. त्यांचा हिशेब मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.