बहिणाबाई, संत (सु. १६२८–१७००)

वारकरी संत-कवयित्री व तत्त्वचिंतक. वेरूळजवळच्या देवगावात जन्म. अखेरचे वास्तव्य शिऊर येथे. धरणगाव-जळगाव भागात बहिणाबाई म्हटले की आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवतात. या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या.

तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. शूद्र मानलेल्या तुकारामांना ब्राह्मण घरातील स्त्रीने गुरू मानावे, हे पतीला सोसले नाही. मारहाण, पत्नीधर्म की भक्ती हा पेच आणि स्त्रीला वेदाधिकार नसल्याची सल त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत मांडली.

‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथावर आधारलेले त्यांचे अभंग विशेष मोलाचे. ब्राह्मण कोणाला म्हणावे? जीव, देह, जात, ज्ञान, कर्म अशी एकेक कसोटी घेऊन त्या ती खोडून काढतात. ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, या निष्कर्षाला येतात. हे खंडन निव्वळ भक्तिगीत म्हणून वाचणे अन्यायाचे आहे. समकालीन इंग्रज लेखिका मार्गारेट कॅव्हेंडिश यांना संशोधकांनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासात परत आणले. बहिणाबाई मात्र बहुधा संतवाङ्मयाच्या प्रकरणातच राहिल्या. जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेला त्यांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.