'हवाई सुंदरी' : एका शब्दाचा आणि एका निकालाचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड म्हटले की जनाबाई आठवते, आणि ती आठवते जात्यापाशी बसलेली. तिच्या दास्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण तिची ही प्रतिमा श्रमाची आहे, रूपाची नाही. आधुनिक काळात विमानात नोकरी करणाऱ्या स्त्रीला मराठीने जे नाव दिले, त्यात मात्र श्रमाचा मागमूस नाही. इंग्रजी शब्दात निदान आतिथ्य तरी होते. मराठीने थेट 'हवाई सुंदरी' म्हटले.

या शब्दामागची दृष्टी मुंबईत मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या एअर इंडियाच्या सेवानियमांतही दिसते. वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करणे किंवा पहिले गर्भारपण, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा हवाई सुंदरीची सेवा संपे. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने तिला ४५ पर्यंत मुदतवाढ मिळू शके. केबिनमधील पुरुष सहकारी मात्र ५८ पर्यंत सेवेत राहत. निवृत्तीच्या या अटींत रूपाचा उल्लेख नव्हता. तो १९६५ च्या खोसला न्यायाधिकरणाच्या निवाड्यात उघडपणे आला: तरुण व आकर्षक स्त्री प्रवाशांशी येणारे अवघड प्रसंग अधिक सहजतेने हाताळते, असे तेथे मानले गेले.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी या नियमांविरुद्ध न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट आणि संचालकांचा अनिर्बंध अधिकार रद्द केला. वाढत्या वयाबरोबर स्त्रीचे आकर्षण ओसरते, हा युक्तिवादही न्यायालयाने कठोर शब्दांत फेटाळला. परंतु विवाहाची अट कायम ठेवली, आणि स्त्री व पुरुष कर्मचारी हे दोन भिन्न वर्ग मानून निवृत्तिवयातील तफावतही ग्राह्य धरली.

निकालाची भाषा येथे बारकाईने वाचावी लागते. आकर्षणाचा युक्तिवाद न्यायालयाला अपमानकारक वाटला तो पवित्र स्त्रीत्वाचा अवमान म्हणून. त्यासाठी दाखला दिला गेला प्राचीन संस्कृतीचा. कर्मचारी म्हणून तिच्या कौशल्याचा, अनुभवाचा हा अवमान आहे, असा सूर त्यात नाही. सुंदरीच्या जागी देवी आली. काम करणारी बाई दोन्हींकडे झाकलीच गेली. म्हणूनच रूपाचा निकष तत्त्वतः नाकारला जाऊनही वयाच्या नावाखाली तो टिकू शकला.

संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये सरकारी नोकरीतील भेदभावाची निषिद्ध कारणे दिली आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. रूप त्या यादीत नाही. त्यामुळे हा भेद सिद्ध करणे कठीण, आणि 'व्यक्तिमत्त्व' किंवा 'प्रसन्न चेहरा' अशा निरुपद्रवी शब्दांत लपवणे सोपे. शब्दांच्या अभ्यासकांनी निदान हे शब्द तपासून घ्यावेत. जात्यावरच्या जनीला आपण तिच्या कामाने ओळखतो. पगार घेणाऱ्या तिच्या लेकींना तेवढेही मिळू नये काय?