विकलेली गाडी आणि नोंदीतील मालक

बदलीचा हुकूम आला की शासकीय निवासस्थानात आवराआवर सुरू होते. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हे नवे नाही. अशाच एका बदलीच्या वेळी माझ्या एका सहकाऱ्याने सहलींसाठी हौसेने घेतलेली जुनी कॅरॅव्हॅन विकली. पैसे मिळाले, किल्ल्या दिल्या, दलालाने पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या केल्या. दोन वर्षांनी अपघाताच्या दाव्याची नोटीस आली, ती त्याच्याच नावाने. ‘गाडी तर मी केव्हाच विकली’, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण तेवढ्याने भागणारे नव्हते.

याचे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या दृष्टीने मोटार ही इतर जंगम वस्तूंसारखीच एक वस्तू. उभयतांना अभिप्रेत असेल तेव्हा तिची मालकी पालटते. मोटारीच्या नोंदणीचा विचार मात्र स्वतंत्रपणे वाढत गेला. १९१४ च्या कायद्याने नोंदणीची अखिल भारतीय चौकट घातली. १९३९ च्या कायद्यात हस्तांतरण कळविण्यासाठी कलम ३१ आले. परंतु त्यातील ‘मालक’ या शब्दाची व्याख्या त्रोटक होती. अज्ञान व्यक्तीचा पालक आणि भाडेखरेदीतील ताबेदार, एवढ्यांचाच तीत उल्लेख होता. त्यामुळे खरा मालक कोण, हा वाद न्यायालयात वारंवार उभा राहत असे.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ही व्याख्या बदलली. ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक, असा सर्वसाधारण नियम झाला. कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्री १४ दिवसांत कळवावी, तर खरेदीदाराने ३० दिवसांत. राज्याबाहेरच्या नोंदणीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागते व विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत असते. यासाठीच १९८९ च्या केंद्रीय नियमांतील फॉर्म २८, २९ आणि ३० आहेत.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या व्याख्येचा अर्थ निःसंदिग्ध केला. त्या प्रकरणातील गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच विक्रेत्याच्या नावे राहिली होती. न्यायालयाने भरपाईचे दायित्व त्याच्यावरच ठेवले. अपघातग्रस्ताने खरेदीदारांच्या साखळीचा माग काढत फिरावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. विक्रेत्याला हा न्याय कठोर वाटेल. परंतु ज्याचे माणूस रस्त्यावर गेले, त्या कुटुंबाच्या हाती गाडीच्या क्रमांकाखेरीज दुसरे काय असते?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी तरतुदी आल्या. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारात मात्र जबाबदारी आपलीच राहते. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. विक्रीपत्रावर तारखेबरोबर गाडी सोपविल्याची वेळही लिहावी, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, फॉर्म २९ स्वतः दाखल करून पोच जपावी आणि नाव बदलले की नाही याची खात्री करून घ्यावी.

माझ्या सहकाऱ्याच्या गाडीचा विमा सुदैवाने चालू होता, म्हणून तो सुटला. आजन्म इतरांच्या अर्जांतील त्रुटी काढणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांकडून स्वतःच्या कागदाबाबत अशी हयगय व्हावी, याची रुखरुख मात्र त्याला अजूनही वाटते.